हाताची मजुरी

आमच्या घराच्या मागील बाजूस, पूर्वी जेथे सरपण ठेवीत त्या पडवीत, पायाने चालवायचे एक जुने ट्रेडल यंत्र, खिळ्यांच्या खणांचे एक उभे कपाट, कागद कापण्याचे एक यंत्र आणि पुस्तके शिवण्याची एक लाकडी चौकट एवढा संसार मांडलेला आहे. यालाच आम्ही गेली अकरा वर्षे छापखाना म्हणत आलो आहो. लग्नमुंजीच्या पत्रिका, एखाद्या हौशी कवीचा शंभर प्रतींचा संग्रह आणि हाताने शिवलेल्या कोऱ्या वह्या ही आमची कामे. संगणकाच्या या काळात एकेक खिळा जुळवीत बसणारा मनुष्य एक तर वेडा असावा, किंवा त्याचे वडील मागे पुष्कळ ठेवून गेलेले असावेत, असा आमच्याविषयी लोकांचा समज आहे. वडिलांनी आमच्यासाठी मागे ठेविले ते हे यंत्रच. तेव्हा दोहोंपैकी कोणते अनुमान खरे, याचा निकाल वाचकांनी लावावा.

पडवीत येणारा पाहुणा बहुधा प्रथम यंत्राचे चाक हाताने फिरवून पाहतो, शाईचा वास घेतो, आणि मग ठराविक वाक्य उच्चारतो, “वा! आजकाल असे कोण करतो हो!” हे वाक्य ऐकून आम्ही पूर्वी सुखावत असू. पुढे पुढे लक्षात आले की, हे वाक्य बोलणारा मनुष्य क्वचितच काही विकत घेतो. स्तुती करून त्याने आपल्या परीने किंमत चुकती केलेली असते. आमच्या स्नेह्यांचीही गत निराळी नाही. ते नोकरदार आहेत, सज्जन आहेत, आणि आमच्यावर त्यांचे खरे प्रेम आहे. पण महिन्याच्या एक तारखेस पगार हाती पडणाऱ्या मनुष्यास, “या महिन्यात एकही काम आले नाही” या वाक्याचा अर्थ कळत असला, तरी त्याची कळ कळत नाही. ते म्हणतात, “येईल हो काम, तुमच्या हातात कला आहे.” कला आहे हे आम्हांसही ठाऊक असते. कागदवाल्याची बाकी आहे, हे त्यांना ठाऊक नसते.

घरी सांगावे, तर तेथे दुसरीच अडचण. घरच्या माणसांनी आपल्या या वेडापायी आधीच इतके सोसलेले असते की, त्यांच्यापुढे रडगाणे गाण्याचा अधिकार आपण केव्हाच गमावून बसलेलो असतो. आमचे हिशेबतपासनीस हुशार आहेत. परंतु ते वर्षातून एकदा भेटतात, आणि ते भेटतात तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. उद्योजकतेवर व्याख्याने देणारी एक नवी जमातही अलीकडे निघाली आहे. अशा दोन व्याख्यानांना आम्ही पैसे भरून जाऊन बसलो. व्यासपीठावरील गृहस्थाने आपल्या अपयशाचीही कथा सांगितली. मात्र ती सांगताना त्यांच्या मनगटावर जे घड्याळ होते, त्याने त्या कथेतील सगळा दंश काढून घेतला होता. यशस्वी झाल्यावर सांगितलेले अपयश हा दागिनाच असतो.

अशा स्थितीत, सहा वर्षांपूर्वी, एका प्रदर्शनात आमची जागा एका खेळणीवाल्यांच्या शेजारी आली. हे गृहस्थ मूळचे सावंतवाडीकडचे. लाकडी फळे आणि भातुकलीची भांडी करण्याची तिकडची परंपरा त्यांच्या घरात होती. पुण्यास येऊन त्यांनी त्या जुन्या हातोटीस नवी खेळणी करावयास लाविले होते. तीन दिवसांत आमच्या अठरा वह्या खपल्या आणि त्यांची सव्वीस खेळणी. तिसऱ्या दिवशी सायंकाळी गाठोडी बांधताना ते सहज म्हणाले, “जागेचे भाडे निघाले का तुमचे?” आम्ही सवयीने म्हटले, “निघाले की!” ते म्हणाले, “माझे नाही निघाले. चहा घेऊ या?”

त्या चहातून आमची बैठक जन्मली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पाळीपाळीने एकेकाच्या कारखान्यात जमायचे. कारखाना हा शब्द आम्ही आपसांत मोठ्या ऐटीने वापरतो. कोणाचा तो गच्चीवर आहे, कोणाचा मोटार ठेवण्याच्या जागेत. आम्ही सहाजण आहो. खेळणीवाले, आम्ही, मुलांची पुस्तके काढणाऱ्या एक प्रकाशिका, मुळशीच्या रस्त्यास भट्टी असलेल्या एक कुंभारकाम करणाऱ्या बाई, हातमागावर शाली विणणारे एक गृहस्थ, आणि ॲनिमेशनपट करणारा एक तरुण. तो आमच्यात सर्वांत लहान असून त्याच्यावर कर्ज मात्र सर्वांत मोठे आहे. एकमेकांचे माल निरनिराळे. पण प्रत्येकाच्या वहीत पान तेच. बाईंनी पहिल्याच दिवशी एक नियम घातला, तो असा की, पहिला तासभर कोणी कोणाच्या मालाची स्तुती करायची नाही. आधी वह्या उघडायच्या.

वही उघडणे म्हणजे काय, हे ज्याने ती कधी परक्यापुढे उघडली नसेल त्यास सांगून कळणार नाही. आमच्या समाजात मनुष्य एक वेळ आपला आजार सांगेल, भाऊबंदकीही सांगेल. पण आपली मिळकत सांगणार नाही, आणि तोटा तर नाहीच नाही. आम्ही पहिले सात-आठ महिने वही नेत होतो, पण तिच्यातील एक पान नेमके मुडपून ठेवीत होतो.

त्या पानाची कथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. एका मोठ्या व्यापारी पेढीने आपल्या ग्राहकांस भेट देण्याकरिता हाताने शिवलेल्या ६०० वह्या आमच्याकडे मागितल्या. एवढे मोठे काम आम्हांस पूर्वी कधी आले नव्हते. आनंदाच्या भरात आम्ही वहीस २२० रुपये भाव सांगितला, त्यांनी तो तत्काळ मान्य केला (मान्य करण्यातील ही तत्परता पाहूनच शहाण्या मनुष्याच्या मनात पाल चुकचुकावी!), आणि चौथा हिस्सा म्हणून ३३,००० रुपये आगाऊ दिले. हातकागद, पुठ्ठा, कापड, दोरा आणि दोन मदतनिसांची मजुरी यांचा एकत्र आकडा मांडला, तो वहीस २३५ रुपये भरला. म्हणजे प्रत्येक वहीमागे १५ रुपये आम्हीच त्या पेढीस भेट देणार होतो. पण हा आकडा आम्ही मांडला तो कागद येऊन पडल्यावर. त्या कागदासाठी मुलीच्या शिक्षणाकरिता ठेविलेली एक लाखाची ठेव आम्ही मोडली होती, आणि ही गोष्ट आमच्या पत्नीस सांगितली नव्हती.

दीडशे वह्या शिवून झाल्या होत्या. रात्री एकेक वाजेपर्यंत दोऱ्यास मेण लावीत बसावे, आणि प्रत्येक टाक्याबरोबर आपण बुडतो आहो असे वाटावे, हा अनुभव विलक्षण आहे. काम उत्तम होत होते, हे त्यातले सर्वांत मोठे दुःख.

त्या महिन्याची बैठक आमच्या पडवीत होती. खेळणीवाल्यांनी शिवलेल्या वह्यांचा ढीग पाहिला, एक वही उचलून तिची पाठ अंगठ्याने दाबली, आणि स्तुतीचा तास सुरू व्हायला अवकाश असल्यामुळे काही न बोलता ती खाली ठेविली. मग म्हणाले, “हिचा हिशेब दाखवा.” आम्ही मुडपलेले पान उलगडले. त्यांनी ते दोनदा वाचले. आता ते १५ रुपयांवर बोट ठेवणार, या अपेक्षेने आमचे कान तापू लागले होते. त्यांनी बोट ठेविले ते कोऱ्या जागेवर. “आणि तुमच्या हाताची मजुरी कोठे लिहिली आहे?”

आम्ही ती लिहिलीच नव्हती. त्याच वहीत नव्हे. तोवरच्या इतक्या वर्षांत कोठेच लिहिली नव्हती. मदतनिसांची मजुरी पैशापर्यंत मांडलेली, यंत्राच्या तेलाचे चाळीस रुपये मांडलेले, आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबणाऱ्या मालकाच्या श्रमाचे मोल शून्य. आम्ही काहीतरी बोललो; बहुधा असे की, “आमचे काय, आम्हांला ते काम आवडते.” तेव्हा बाई म्हणाल्या, “आवडते ना? मग उद्यापासून वाणी तुम्हांला तांदूळ आवडीवर देईल का, विचारून बघा.” कोणी हसले नाही. हातमागवाले हलकेच म्हणाले, “माझ्याही वहीत ती ओळ नाही.” मग प्रकाशिकाबाईंनी आपली वही उघडून पाहिली, आणि मिटली.

येथे आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. जो मनुष्य सिमेंटचा किंवा साखरेचा व्यापार करतो, तो साखरेच्या प्रेमात पडलेला नसतो. म्हणून त्याची वही खरी बोलते. जो मनुष्य आपण निर्मिलेल्या वस्तूवरच पोट भरू पाहतो, त्याच्या वहीत त्याचे प्रेम शिरून आकडे खोडीत असते. त्यास भाव सांगताना लाज वाटते. कारण भाव सांगणे म्हणजे आपली लायकी सांगणे, असे त्यास वाटते. हा रोग स्वतःस दिसत नाही. नोकरदार स्नेह्यास तो दिसत नाही, कारण त्याच्या मजुरीची ओळ दुसरा कोणी लिहितो. हिशेबतपासनिसासही तो दिसत नाही, कारण जे लिहिलेले नाही ते तो तपासीत नाही. तो दिसतो फक्त त्याला, ज्याला तोच रोग आहे.

बैठकीने आम्हांस पैसे दिले नाहीत, कोणापाशी नव्हतेच. त्यांनी केले ते असे की, त्या दुपारी आम्हांस समोर बसवून पेढीच्या अधिकाऱ्याशी काय बोलायचे, त्याची तालीम घेतली. ॲनिमेशनवाला मुलगा तो अधिकारी झाला, आणि त्याने ती भूमिका इतक्या निर्दयपणे वठविली की, मंगळवारी प्रत्यक्ष अधिकारी आम्हांस देवमाणूस वाटले. आम्ही तेथे कबूल केले की भाव सांगण्यात आमची चूक झाली. दिलेला शब्द ३०० वह्यांपुरता आम्ही पाळू, पुढील वह्या मात्र २८० रुपयांस पडतील. त्यांनी जरा विचार करून आणखी २०० घेतल्या आणि शेवटच्या १०० रद्द केल्या. सर्व खर्च वजा जाता पदरी ४,५०० रुपये पडले. तीन महिन्यांच्या श्रमाची ही कमाई सांगताना अभिमान वाटावा असे तीत काही नाही. पण ठेवीतील पैसे परत भरता आले.

घरी ही हकीकत आम्ही त्या रविवारी रात्री सांगितली. म्हणजे पत्नीच्या आधी पाच परक्यांना सांगून झाल्यावर. ती सर्व ऐकून एवढेच म्हणाली, “मोडलीत ते कळले होते. बँकेचा संदेश माझ्याही फोनवर येतो. तुम्ही केव्हा सांगता ते पाहत होते.” याचे वैषम्य आम्हांस आजही वाटते. सोबत्यांना सांगणे सोपे आणि सोबतिणीस सांगणे कठीण, हा आमच्या बैठकीचा गुण समजावा की आमचा दोष, हे आम्ही अद्याप ठरविलेले नाही.

आमच्या छापखान्याच्या भिंतीवर दादासाहेब फाळक्यांचे एक छायाचित्र लाविले आहे. पाहुण्यांस वाटते की आम्ही चित्रपटांचे भक्त आहो. वस्तुतः फाळके मूळचे आमच्या धंद्यातले. रविवर्म्याच्या मुद्रणालयासाठी त्यांनी काम केले, पुढे स्वतःचा चित्रमुद्रणाचा कारखाना काढला, आणि भागीदारांशी न जमल्यामुळे तो सोडून ते बाहेर पडले. नंतर ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहून त्यांना चित्रपटांचा ध्यास लागला तेव्हा ते चाळिशीत आलेले होते, आणि आप्तेष्टांपैकी पुष्कळांना ते भ्रमिष्ट वाटले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांस ते जाऊन भेटले. हिंदुस्थानात हा धंदा चालायचा नाही, असे त्यांनी प्रथम बजाविले. पण या मनुष्याची जिद्द पाहून चित्रपट काढणाऱ्या सेसिल हेपवर्थ यांची ओळख करून दिली. हेपवर्थांनी वॉल्टन येथील आपला चित्रपट-कारखाना या अनोळखी परदेशी गृहस्थास आतून-बाहेरून फिरवून दाखविला.

या भेटीचा आम्ही पुष्कळदा विचार करतो. हेपवर्थ म्हणजे कोणी सरकारी शिक्षक नव्हे, की दानधर्म करायला बसलेला धनिक नव्हे. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या धोक्यावर चित्रे काढणारा तो एक मालक होता. त्याचाही धंदा पुढे १९२४ साली बुडाला. आपल्यासारखेच वेड घेऊन आलेला दुसरा मालक दारात उभा आहे, हे त्याने ओळखिले, आणि दार उघडले. फाळके कॅमेरा घेऊन परतले, आणि १९१३ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. घरी परतल्यावर भांडवलवाल्याची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे लहानसे चित्र काढिले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. भांडवलवाल्यास अंकुर दाखवावा लागतो. समव्यवसायी मनुष्यास नुसते बी दाखविले तरी चालते.

आता कोणी म्हणेल, याकरिता बैठक कशाला? चार जणांनी मिळून भागीदारीच का करू नये? आम्हांसही एकदा तो मोह पडला होता. एकाच दुकानात वह्या, खेळणी, मडकी, शाली आणि मुलांची पुस्तके! दुकानाचे नावदेखील ठरले होते. तेव्हा हातमागवाल्यांनी कोल्हापूरची गोष्ट काढली. त्यांचे आजोळ तिकडचे आहे.

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे चौघे बाहेर पडले, सीताराम कुलकर्णी हे पाचवे त्यांना मिळाले, आणि १९२९ साली ‘प्रभात’ निघाली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. दामले यंत्रात आणि ध्वनीत, फत्तेलाल नेपथ्यात, धायबर कॅमेऱ्यात, शांताराम दिग्दर्शनात, असा तो संच होता. ‘संत तुकाराम’सारखे चित्र त्या घरातून निघाले ते उगाच नव्हे. पण धायबर काही वर्षांत निघून गेले, १९४२ साली शांताराम निघाले, १९४५ मध्ये दामले वारले, आणि १९५३ नंतर प्रभातची तुतारी वाजायची थांबली. ज्या जागेत ती वाजत असे, तेथे १९६० पासून चित्रपटशिक्षणाची संस्था आहे.

आम्ही काही त्या थोरांचा न्यायनिवाडा करायला बसलो नव्हतो. आमच्यापुढे प्रश्न दुकानाचा होता. हातमागवाले म्हणाले, “भागीदार झालो, की तुमच्या वहीतील तोटा हा माझाही तोटा. मग मी तुम्हांला आज विचारतो तसे शांतपणे विचारू शकणार नाही. मी ओरडेन. किंवा त्याहून वाईट म्हणजे गप्प बसेन.” भागीदारी थोर खरी, आणि तिने जे घडविले ते एकट्याच्या हातून घडते ना, हेही खरे. पण भागीदार हा आपल्याच होडीत बसलेला असतो. होडी कलली की तोही एका बाजूस पळतो. सोबती हवा तो शेजारच्या होडीतला. त्यालाही तोच वारा लागतो, परंतु आपली होडी कोणत्या बाजूस कलली आहे हे त्याला दिसते. दुकानाचा बेत त्या दिवशी बारगळला, आणि दुकानाचे नाव प्रकाशिकाबाईंनी एका गोष्टीच्या पुस्तकास देऊन टाकिले.

शेजारची होडी कधी कधी स्पर्धेचीही असते, हे मात्र विसरून चालणार नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘मानापमान’ केले. संयुक्त मानापमानाची ती रात्र रसिकांच्या घराण्याघराण्यांतून सांगितली जाते, आणि सांगणारा भामिनीच्या आणि धैर्यधराच्या गाण्याविषयी बोलतो. आमच्या मनात मात्र निराळेच येते. त्या रंगमंचावर दोन नट उभे नव्हते, दोन मालक उभे होते. एकाची गंधर्व नाटक मंडळी, दुसऱ्याची ललितकलादर्श. दोघांच्याही मागे पन्नास पोटे, पडदे, बिऱ्हाडे आणि कर्जाऊ रकमा. एकाच्या प्रेक्षकास खेचणे हाच दुसऱ्याचा व्यवसाय. तरी एका रात्रीसाठी ते एका पडद्यामागे आले. पुढे तीन महिन्यांच्या आतच केशवराव वारले. त्यांचे वय अवघे एकतीस. बालगंधर्वांची मंडळी पुढे कर्जात किती खोल गेली, ते मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. अत्तरांवर आणि गालिच्यांवर होणारा त्यांचा खर्च रसिकांनी कौतुकाने पाहिला. रसिक तेच करणार. त्याने तिकीट काढलेले असते. तो खर्च पाहून ज्याच्या पोटात गोळा उठावा, असा मनुष्य म्हणजे दुसरा मालक.

स्पर्धेचा चटका आमच्या बैठकीसही बसला आहे, आणि तो लपविला तर हे लिहिणे म्हणजे मुडपलेल्या पानाचाच प्रकार होईल. तीन वर्षांपूर्वी आमच्यात एक सातवे गृहस्थ येत असत. त्यांचेही काम वह्यांचे. आमचा कागद कोठून येतो, कोणत्या भावाने येतो, हे आम्ही त्यांना मोकळेपणी सांगितले. आणि पुढच्या हंगामात आमच्या दोन जुन्या ग्राहकांना त्यांनी आमच्याच कागदावर, आमच्याहून वीस रुपये कमी भावाने वह्या दिल्या. (त्यांनीही हाताची मजुरी लावली नव्हती, हे उघड आहे, पण त्याने आमचे समाधान झाले नाही.) ते यायचे आपोआप बंद झाले. त्यानंतर दोन महिने कोणी वही नीट उघडली नाही. सगळे आकडे गोल येऊ लागले. बैठक मोडते की काय, असे आम्हांस वाटू लागले होते, तोच बाईंनी पुन्हा तोंड उघडले. म्हणाल्या, “माझ्या ग्लेझचे माप मी कोणाला सांगत नाही, सांगणारही नाही. पण कोणाकडून माती घेऊ नये, ते सगळ्यांना सांगते. पोट भरण्याची वाट ज्याची त्याने ठेवावी. पण खड्डा कोठे आहे ते सांगायला काय हरकत आहे?” तेव्हापासून हाच परिपाठ पडला आहे. कागदाचा व्यापारी आम्ही आता कोणास सांगत नाही. कागद ओला असताना शिवला तर वही चार महिन्यांनी कशी वाकते, हे मात्र विचारील त्यास सांगतो; आणि ते शिकण्यासाठी आम्ही ८० वह्या फुकट घालविल्या आहेत.

गेल्या भाद्रपदापासून खेळणीवाले बैठकीस येईनासे झाले. पहिल्या महिन्यास पाठ धरल्याचा निरोप आला, दुसऱ्या महिन्यास घरी पाहुणे होते. तिसऱ्या महिन्यास निरोपही आला नाही. फोन केला तर आवाज मोठा प्रसन्न. मुलगा म्हणाला, “फारच प्रसन्न होता हो.” ही प्रसन्नता आम्हां सर्वांच्या ओळखीची होती, जागेचे भाडे निघाले का म्हणून कोणी विचारले की आपल्या तोंडून जी निघते, तीच.

त्या शेवटच्या रविवारी बैठक त्यांच्याकडे न ठरविताच भरली. आम्ही पाचजण सिंहगड रस्त्याने त्यांच्या कारखान्यावर गेलो, तेव्हा ते लेथपाशी बसले होते, आणि लेथ बंद होता. फळीवर रंग न दिलेल्या बैलगाड्या एकीवर एक रचलेल्या होत्या. इतक्या, की मागची खिडकी झाकून गेली होती. आम्हांला पाहून ते उठले, घाईघाईने दोन स्टुले पुसली, आणि म्हणाले, “बसा, बसा. चहा टाकतो. वही मात्र आज दाखवणार नाही, आधीच सांगतो.” बाई म्हणाल्या, “कोणी मागितली?” मग तासभर बोलणे झाले ते पावसाचे, लाखेच्या भावाचे आणि प्रकाशिकाबाईंच्या नव्या पुस्तकाचे. पहिल्या तासात स्तुती न करण्याचा नियम असल्यामुळे बैलगाड्यांविषयी कोणी अवाक्षर काढिले नाही. ते मधूनमधून त्यांच्याकडे पाहत, आणि मग आमच्याकडे पाहत.

दुसरा चहा झाल्यावर ते आत गेले आणि कपड्यात गुंडाळलेली वही आणून त्यांनी आमच्या पुढ्यात ठेविली. उघडली मात्र नाही. आम्ही ती उघडली. अक्षर नेहमीप्रमाणे सुरेख होते. लाकूड, लाख, रंग, वीज, दोन मुलांचा पगार. हाताच्या मजुरीची ओळ त्यांनीच आम्हां सर्वांस आखावयास शिकविले होते. त्यांच्या वहीत ती प्रत्येक पानावर आखलेली होती, आणि दिवाळीपासून पुढील सर्व पानांवर कोरी होती.

आम्ही खिशातून पेन्सिल काढून त्या ओळीवर बोट ठेविले. ते खिडकीकडे पाहत होते. म्हणाले, “लिहा. किती लिहायचे ते तुम्हीच सांगा.”